नवं मत्स्यालय, मोठी गर्दी... पण गल्ल्यात किती पडलं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मत्स्यालयाचं, म्हणजे आपण ज्याला फिश ॲक्वेरियम म्हणतो त्याचं, उदाहरण घेतलं होतं. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून तोच धडा इथे सविस्तर लिहिते. वही-पेन घेऊन बसा. मधे एक हिशोब आहे आणि शेवटी गृहपाठ आहे.

तुम्ही म्हणाल, हिंगोलीत बसून मत्स्यालयाचं काय घेऊन बसलात? कारण मला ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हा आहे: "मॅडम, आमच्या गावाजवळ अमुक होणार आहे. आत्ताच गाळा घेऊन ठेवू का?" हे 'अमुक' कधी मंदिर परिसराचा विकास असतो, कधी धरणावरचं बोटिंग असतं, कधी दुधाळ्याचा लिगो प्रकल्प असतो. प्रश्न एकच आहे. गर्दी येणार आहे, मग मी कर्ज काढून तिथे दुकान टाकू का?

उत्तर शोधायला असं ठिकाण बघू, जिथे गर्दी खरंच आली आणि पुढे काय झालं तेही आपल्याला माहीत आहे.

तारापोरवाला मत्स्यालयाची गोष्ट

मुंबईला मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्टेशनजवळ तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. खर्च साधारण ८ लाख रुपये आला आणि त्यातले २ लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दिले, म्हणून त्यांचं नाव. चालवायचा सरकारचा मत्स्यव्यवसाय विभाग. मुंबईला शाळेची सहल गेली की राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि हे मत्स्यालय, असा ठरलेला कार्यक्रम असायचा.

पुढे इमारत जुनी झाली, टाक्या जुन्या झाल्या. मग सुमारे २२ कोटी रुपये खर्चून नूतनीकरण झालं आणि ३ मार्च २०१५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते ते नव्यानं उघडलं. आत १२ फूट लांबीचा ॲक्रिलिक काचेचा बोगदा होता. आपण चालायचं आणि मासे डोक्यावरून जायचे. मोठ्यांचं तिकीट १५ रुपयांवरून ६० रुपये झालं. तरी लोक रांगा लावून आले.

आता दुकानदाराच्या नजरेनं बघा. गेटच्या बाहेर काय होतं? फूटपाथ, रस्ता आणि समोर समुद्र. समोरासमोर दुकानांची ओळ नाही. बाहेर पडलेल्या कुटुंबाला भूक लागली की पाय वळायचे जवळच्या गिरगाव चौपाटीकडे, भेळ, पाणीपुरी आणि कुल्फीकडे. म्हणजे तिकिटाचा पैसा सरकारकडे आणि पोटाचा पैसा चौपाटीवर.

नंतर २०२० चा मार्च आला. लॉकडाऊनमध्ये मत्स्यालय बंद झालं. लॉकडाऊन उठलं, मुंबईतली बाकीची ठिकाणं एकेक करून उघडली, हे मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं बंदच राहिलं. कोट्यवधी रुपये खर्च केलेलं ठिकाण, नव्यानं उघडल्यावर जेमतेम पाच वर्षं चाललं.

आता सांगा, बंद झाल्यावर चौपाटीवरच्या भेळवाल्याचं दुकान बुडालं का? नाही. कारण त्याचं गिऱ्हाईक संध्याकाळी फिरायला येणारा मुंबईकर होता, स्टेशनवरून उतरणारा माणूस होता, गणपती विसर्जनाची गर्दी होती. मत्स्यालयाची माणसं त्याच्यासाठी वरची कमाई होती. पण एखाद्यानं फक्त त्या गेटच्या भरवशावर खेळणी आणि फुगे विकायचा धंदा उभा केला असेल, तर त्याच्या घरात २०२० नंतर काय झालं असेल, हे सांगायची गरज नाही.

आजच्या धड्याचं एक वाक्य वहीत लिहा: भाडं गावच्या गिऱ्हाइकानं भरावं, पाहुण्याचा पैसा वरचा असावा.

गर्दी वाढते हे खरं आहे. राणीची बाग बघा

नवं आकर्षण आलं की गर्दी वाढत नाही, असं मी म्हणत नाहीये. वाढते. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून ८ हम्बोल्ट पेंग्विन आणले. मार्च २०१७ मध्ये ते लोकांना बघायला खुले झाले. ऑगस्ट २०१७ पासून महापालिकेनं मोठ्यांचं तिकीट ५ रुपयांवरून थेट ५० रुपये केलं. दहापट! तरी लोक यायचे थांबले नाहीत. १ जानेवारी २०२३ ला रविवार होता, त्या एका दिवसात ३० हजारांहून जास्त माणसं आली.

या तिकिटात आपल्यासाठी एक छान धडा लपलाय. मोठ्यांना ५० आणि लहान मुलांना २५. म्हणजे नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून १५० रुपये व्हायला पाहिजेत. पण चौघांच्या कुटुंबाला एकत्र तिकीट ठेवलं १०० रुपयांना. का? कारण चार माणसं आली तरी पाकीट एकच असतं. आईबाबांपैकी एकजण पैसे काढतो आणि त्याच्या डोक्यात एकूण आकडा असतो.

आपण मात्र गर्दी बघताना डोकी मोजतो. "रविवारी हजार माणसं येतात" म्हणतो. धंद्यात हजार माणसं म्हणजे अडीचशे पाकिटं. चला, हाच हिशोब पूर्ण करू.

हिशोब करू

हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या ठिकाणचे आकडे तुम्ही घालायचे.

समजा तुमच्या तालुक्याच्या गावात एक नवं मत्स्यालय झालं. रविवारी १,००० माणसं येतात. आठवड्यातले पाच दिवस रोज १५०. एक दिवस सुट्टी. तारापोरवाला सोमवारी बंद असायचं, राणीची बाग बुधवारी बंद असते, तशी. म्हणजे आठवड्याला १,७५० आणि चार आठवड्यांना ७,००० माणसं. ऐकायला जबरदस्त वाटतं ना?

तुम्ही ८,००० रुपये महिना भाड्यानं गाळा घेतला. थंड पेय, चिप्स, छोटी खेळणी ठेवली.

रविवार: १,००० माणसं म्हणजे २५० पाकिटं. त्यातली शंभरातली चाळीस तुमच्या दारावरून जातात, बाकीची पार्किंगकडून निघून जातात. राहिली १००. त्यातली चौथी थांबते. २५ गिऱ्हाइकं. सरासरी बिल ८० रुपये. विक्री २,००० रुपये.

बाकीचे पाच दिवस मिळून: ७५० माणसं, साधारण १८७ पाकिटं, दारावरून ७५, थांबली १९. विक्री १,५२० रुपये.

आठवड्याची विक्री ३,५२०. चार आठवड्यांची १४,०८०. अशा मालात ३० टक्के मार्जिन धरलं तर हातात राहतात ४,२२४ रुपये. भाडं ८,०००. म्हणजे लाइट बिल आणि तुमचा स्वतःचा पगार धरायच्या आधीच ३,७७६ रुपये तोटा. महिन्याला ७,००० माणसं दारात आणि दुकान तोट्यात!

कोणी म्हणेल, "मॅडम, बिल वाढवा." वाढवू. ८० चं १२० केलं. विक्री २१,१२०, मार्जिन ६,३३६. तरी भाडं निघत नाही.

आता तोच गाळा, पण जागा अशी निवडली की गावातली माणसं पण रोज तिथून जातात. दूध, ब्रेड, वह्या-पेन, रिचार्ज असं काहीतरी ठेवलं. रोज ३० गावची गिऱ्हाइकं, सरासरी ५० रुपये, महिन्याचे २६ दिवस. विक्री ३९,०००. सोपं जावं म्हणून मार्जिन तेच ३० टक्के धरू, म्हणजे ११,७०० रुपये. (दुधात मार्जिन कमी असतं आणि वह्या-पेनात जास्त, ते तुमच्या मालाप्रमाणे बदला.) यातून भाडं निघालं आणि ३,७०० उरले. त्यावर पर्यटकांचे ४,२२४. एकूण ७,९२४ रुपये.

तेच ठिकाण, तीच गर्दी, तेच भाडं. फरक एवढाच की भाडं गावानं भरलं.

तिसरा रस्ता पण आहे. गाळा घ्यायचाच नाही. फक्त रविवारी हातगाडी किंवा टेबल लावायचं. चार रविवारची विक्री ८,०००, मार्जिन २,४००. जागेचे महिन्याला ८०० दिले तरी १,६०० उरतात. रक्कम छोटी आहे, पण चार दिवसांची आहे, कर्ज नाही आणि आठवडाभर तुमचं मूळ काम चालू आहे. सुरुवात करणाऱ्याला मी हाच रस्ता सुचवते. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं हे बरोबर आहे, पण मिळतं म्हणून घ्यायचं नसतं. हप्त्याला सोमवार-रविवार कळत नाही.

पैसा कोणाकडे जाणार, हे नकाशावरच ठरतं

जपानमध्ये ओसाका शहरात काइयुकान नावाचं मोठं मत्स्यालय १९९० साली उघडलं. ते एकटं बांधलं नाही. शेजारी तेंपोझान मार्केटप्लेस नावाचा बाजार उभा केला, पुढे १९९७ मध्ये तिथेच एक मोठा आकाशपाळणा झाला. माणूस मासे बघून बाहेर पडतो तो जेवायला आणि खरेदीला बाजारातच शिरतो. तिथे धंदा व्हावा हे आधीपासून ठरवलेलं होतं.

जवळचं उदाहरण अहमदाबादच्या सायन्स सिटीचं. तिथलं मत्स्यालय १६ जुलै २०२१ ला सुरू झालं. साधारण २६० कोटींचा खर्च, ६८ टाक्या आणि २८ मीटर लांबीचा बोगदा. तारापोरवालाचा बोगदा १२ फूट होता, म्हणजे चार मीटरपेक्षा कमी. त्याच दिवशी त्याच आवारात रोबोटिक्स गॅलरी आणि नेचर पार्कही सुरू झाला. बघायला एवढं असलं की माणूस तासन्‌तास आतच राहतो. मग खाणंपिणं पण शक्यतो आतच. बाहेर उभ्या दुकानदाराला मिळतो तो दमलेला, पोट भरलेला, गाडीकडे निघालेला माणूस.

म्हणून कुठलंही नवं ठिकाण जाहीर झालं की तीन गोष्टी विचारा. बाहेर पडायचं दार कुठे आहे? पार्किंग कुठे आहे? आत खायची सोय आहे का? लोक बहुतेक आत जायच्या दाराजवळचा गाळा शोधतात. पण आत जाताना माणूस घाईत असतो. रांग लागलेली असते, मुलं हात ओढत असतात. तो पाण्याची बाटली घेईल, बाकी काही नाही. खरेदी होते ती बाहेर पडल्यावर, आणि तीही बाहेरचं दार आणि पार्किंगच्या मधल्या वाटेवर.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ

आपल्याकडे मत्स्यालय नाही, पण गर्दीचं मोठं ठिकाण आहे. औंढा नागनाथ, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. श्रावण आणि महाशिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते. मुंबईचं मत्स्यालय सोमवारी बंद असायचं आणि आपल्या औंढ्याला सोमवारीच सगळ्यात जास्त गिऱ्हाईक. म्हणजे प्रत्येक गर्दीचं कॅलेंडर वेगळं असतं. ते पाठ असल्याशिवाय माल भरू नका.

औंढ्याला येणारे बरेच जण गाडी करून फिरत असतात. परळी वैजनाथ, औंढा, नांदेडचा गुरुद्वारा, माहूर असं एका दौऱ्यात बसवतात. दर्शन झालं की पुढे निघतात. हार, बेल, नारळ, पेढे विकणारी दुकानं तिथे आधीपासून आहेत. तुम्ही अकरावं तसंच दुकान टाकलं तर दहा जणांचंच गिऱ्हाईक अकरा जणांत वाटलं जाईल. गाडीतल्या पाहुण्याला अजून काय लागतं, ते शोधा. एक गोष्ट मी नक्की सांगू शकते. परत जाताना त्याला 'इथलंच काहीतरी' घरी न्यायचं असतं.

आणि आपल्याकडे तसं आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. हळद खराब होत नाही, फुटत नाही, वजनाला हलकी आणि प्रत्येक घरात लागणारी. १०० आणि २५० ग्रॅमची नीटनेटकी पाकिटं पाहुण्यासाठी सोयीची. पण कागदपत्रं पूर्ण करा. खाण्याचा माल आहे, तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. पाकिटावर वजन, किंमत, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तारीख लागते. आणि जीआयचा टॅग छापायचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हावी लागते, नुसतं 'वसमतची आहे' म्हणून चालत नाही. यातली चांगली गोष्ट ही की हळद फक्त पाहुण्याला विकायची वस्तू नाही. गावातलं गिऱ्हाईक, लग्नाचं घर, पुण्या-मुंबईतले आपले नातेवाईक, सगळ्यांना जाते. दर्शन बंद झालं तरी माल पडून राहत नाही.

'दर्शन बंद' हे मी उगाच म्हणत नाही. मार्च २०२० पासून नोव्हेंबरपर्यंत आणि पुन्हा २०२१ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत राज्यातली मंदिरं दर्शनासाठी बंद होती. शेकडो वर्षांचं देवस्थान, तरी गेट बंद झालं. मत्स्यालयाचं गेट आणि मंदिराचं गेट, दोन्हींची किल्ली दुकानदाराकडे नसते.

लिगोचं काय?

हा विषय नाजूक आहे, कारण इथे लोकांचे जमिनीत पैसे अडकतात. औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याजवळच्या लिगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च साधारण २,६०० कोटी रुपये. आपल्या जिल्ह्यासाठी अभिमानाचीच गोष्ट आहे.

पण ते काम काय आहे ते समजून घ्या. ती गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेसर सोडून अणूपेक्षाही कितीतरी बारीक हालचाल मोजायची असते. त्यासाठी आजूबाजूला जमिनीचा हादरा कमीत कमी पाहिजे. म्हणजे ज्या ठिकाणाला शांतता लागते, तिथे मत्स्यालयासारखी रांग लागेल असं धरून गाळे बांधू नका. तिथे बांधकामाच्या काळात मजूर, ड्रायव्हर, इंजिनिअर येतील. त्यांना डबा, खोली, गाडी दुरुस्ती, कपडे धुणं लागेल. पर्यटक आला तर आनंदच. पण कर्जाचा हप्ता त्याच्या नावावर टाकू नका. जमिनीचा दलाल तुम्हाला स्वप्न विकतो, तुम्ही त्याला आपण वर केला तो हिशोब विचारा.

गृहपाठ

कुठल्याही गर्दीच्या ठिकाणी पैसे घालायच्या आधी हे करा. खर्च फक्त चहाचा.

१. दोन गर्दीचे दिवस आणि दोन साधे दिवस निवडा. तुम्हाला जो गाळा घ्यायचाय त्याच्यासमोर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास उभे राहा. डोकी मोजू नका, पाकिटं मोजा. एक कुटुंब म्हणजे एक रेघ.

२. किती जण दारावरून गेले आणि किती जण शेजारच्या दुकानात थांबले, दोन रकाने करा.

३. परत जाणाऱ्यांच्या हातात काय आहे ते लिहा. रिकाम्या हातांचा आकडा पण लिहा. तुमची संधी तिथेच आहे.

४. तिथल्या जुन्या चहावाल्याला विचारा, "काका, सगळ्यात पडता महिना कोणता?" चांगल्या महिन्याचं सगळे सांगतात. धंदा पडत्या महिन्यावर टिकतो.

५. मग वरच्या हिशोबात तुमचे आकडे घाला. पर्यटक शून्य धरून भाडं निघतं का बघा. निघत असेल तर पुढे जा. निघत नसेल तर हातगाडी, टेबल किंवा दुसऱ्याच्या दुकानात तुमचा माल ठेवणं, यापैकी एक करा.

६. माल चालतो का हे बघायला हिंगोलीचा दसरा महोत्सव उत्तम. दीडशे वर्षांहून जुनी परंपरा, जिल्हाभरातून माणसं येतात. मोजक्या दिवसांच्या स्टॉलमध्ये जे कळतं ते वर्षभराच्या भाड्यात कळायला फार महाग पडतं.

शेवटी एवढंच. आपल्या भागात नवीन काही होत असेल, तर त्याचं स्वागत करा. मत्स्यालय होवो, बाग होवो, वेधशाळा होवो. चार माणसं जास्त येतील, बसेस वाढतील, रस्ता नीट होईल, मुलांना काहीतरी बघायला मिळेल. फक्त दुकान टाकताना आधी गावाकडे बघा आणि मग गेटकडे.

गृहपाठ करून झाला की तुमचे दोन रकाने मला पाठवा: दारावरून गेलेले किती आणि थांबलेले किती. पुढच्या व्हिडिओत आपण त्यातलेच काही हिशोब फळ्यावर मांडून सोडवू. दारावरून गेलेल्या माणसाला थांबवायचं कसं, हाच पुढचा विषय आहे.

भेटूया. धंदा करत राहा, हिशोब लिहीत राहा!